पोस्टकार्डाच्या पुढची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ना’ बरेचसे काढलेत, आणि दोन-तीन ठिकाणी बोलायचं राहून गेलेलं जोडलंय. ज्यांना बसमध्ये इअरफोन लावून ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांचा आजचा डेटा संपत आलाय त्यांनी वाचा.)



मागच्या आठवड्यात चिंचवडहून आपल्या एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. एक मिनिट चाळीस सेकंदांची. मागे कुकरच्या शिट्ट्या, मधेच बाळाचं रडणं. तिचं नाव सांगत नाही, पण तिची परवानगी घेऊन मजकूर सांगते. सात वर्षं टेस्टिंगमध्ये, त्यातली चार ऑटोमेशनमध्ये. बाळ चौदा महिन्यांचं. रजेवरून परत आली तर तिचं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं. “सध्या तू जरा हलकं काम घे” असं सांगून तिला डॉक्युमेंटेशन दिलं, मीटिंगचे मिनिट्स दिले, आणि टीमच्या पार्टीचं हॉटेल बुक करायचं कामही हळूच तिच्याकडे सरकवलं. मग अप्रेझल झालं. रेटिंग मधलं. कारण काय, तर “या वर्षी तुझं काम दिसलं नाही.” घरचे म्हणतायत, दोन वर्षं घरी बस, मग बघू. शेवटचं वाक्य होतं, “ताई, पेपर टाकू का?”

मी तिला म्हटलं, पॉडकास्टवर उत्तर देते चालेल का? कारण हे तिच्या एकटीचं नाहीये. आपल्या इनबॉक्समध्ये याच छापाचे मेसेज दर महिन्याला येतात, आणि बहुतेक सगळे पाच ते दहा वर्षं अनुभव असलेल्या मुलींचे असतात.

तर उत्तर द्यायला मला आधी पन्नास वर्षं मागे जावं लागेल. लांब नाही, चिंचवडच्या शेजारीच, पिंपरीला.

आठ मार्चला तुमच्या फॅमिली ग्रुपवर ही गोष्ट हमखास येते. १९७४ साल. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, बंगळूरला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये कम्प्युटर सायन्सचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात लागली. टेल्को म्हणजे नंतरची टाटा मोटर्स. तरुण, हुशार इंजिनिअर पाहिजेत. आणि खाली एक ओळ, स्त्रियांनी अर्ज करू नये. त्या चिडल्या. टेल्कोचा प्रमुख कोण हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून थेट जेआरडी टाटांच्या नावाने पोस्टकार्ड टाकलं. देशाला इतक्या गोष्टी देणाऱ्या टाटांची कंपनी असा भेदभाव कसा करते, असा एकंदर सूर. दहा दिवसांच्या आत तार आली. पुण्याला मुलाखतीला या, येण्याजाण्याचा खर्च कंपनीचा. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी तर पुण्याहून साड्या आणायला पैसे काढून दिले!

मुलाखतीत समोर सहा जण. तांत्रिक प्रश्न झाले, उत्तरं बरोबर आली. मग त्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी समजावलं, की आम्ही आजवर शॉप फ्लोअरवर बाई घेतलेली नाही, हा कारखाना आहे, तुमच्यासारख्या हुशार मुलीने प्रयोगशाळेत जावं. त्यांचं उत्तर साधं होतं: कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच येणार नाही. नोकरी मिळाली. टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या त्या पहिल्या स्त्री इंजिनिअर.

फॉरवर्ड इथे संपतो. खाली दोन हात जोडलेले, एक गुलाबाचं फूल, आणि “स्वतःवर विश्वास ठेवा.”

आता माझं म्हणणं ऐका. या गोष्टीत हिंमत आहेच, पण मला त्यातलं दुसरं माणूस जास्त महत्त्वाचं वाटतं, पोस्टकार्ड वाचणारं. कार्ड केराच्या टोपलीत गेलं असतं तरी सुधाताईंची हिंमत तेवढीच राहिली असती, फक्त आपल्याला गोष्ट कळली नसती. ज्याच्या हातात अधिकार होता त्याने ते वाचलं, खाली विचारणा केली, आणि नियम बदलला. तेव्हा टाटांनी त्या मुलीला “आत्मविश्वास वाढव” असं सांगितलं नाही. गाडीभाडं पाठवलं.

आणि फॉरवर्डमध्ये कधीच न येणारा दुसरा भाग. १९८१ च्या जुलैमध्ये इन्फोसिस सुरू झाली, तीही पुण्यात. सात संस्थापक, सातही पुरुष. नारायण मूर्तींना सुरुवातीला लागलेले दहा हजार रुपये सुधाताईंच्या साठवणीतले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कंपनीत नवरा-बायको दोघं नकोत, एकच कोणीतरी, असं मूर्तींनी ठरवलं. मुलगी तेव्हा लहान, वर्ष-दीड वर्षाची. सुधाताईंनी १९८२ मध्ये टेल्को सोडली, पुण्यात वालचंद समूहात सीनियर सिस्टिम्स ॲनालिस्ट म्हणून नोकरी धरली, घर चालवलं. इन्फोसिसच्या बाहेर राहिल्या. २०२४ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत मूर्तींनी स्वतः कबूल केलं, की ते चुकलं. तिची पात्रता माझ्यापेक्षा आणि बाकीच्या सहा जणांपेक्षाही जास्त होती. चार दशकांनंतर! कबूल केलं ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल मी टोमणा मारत नाहीये. पण बघा, दारावरची पाटी काढायला एक पोस्टकार्ड पुरलं. आत आल्यावर पुढे कोण जाणार हे ठरवायची वेळ आली तेव्हा पाटीबिटी काही नव्हती. मग पोस्टकार्ड कोणाला टाकायचं?

आपल्या चिंचवडच्या मैत्रिणीचा प्रश्न या दुसऱ्या भागातला आहे.

पहिल्या भागात, म्हणजे मुली आत येण्यात, पुण्याने खरंच बरंच काम केलंय. कर्वेनगरला कमिन्स कॉलेज आहे, फक्त मुलींसाठीचं इंजिनिअरिंग कॉलेज, १९९१ पासूनचं. ते चालवणारी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था १८९६ ची, विधवांसाठी सुरू केलेली. १९०० साली संस्था हिंगण्याला एका झोपडीत गेली. तेच हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनला गणित शिकवायचे आणि हिंगणे-पुणे हे अंतर चिखलातून पायी तुडवायचे. (आपण कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला तीन मिनिटं थांबलो की चिडतो.) ज्या गावाबाहेरच्या माळावर सोवळ्यातल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं, तिथेच शंभरेक वर्षांत मुली मायक्रोप्रोसेसर शिकायला लागल्या. याचं मला अजूनही कौतुक वाटतं, आणि मी त्या कॉलेजची विद्यार्थिनी नाही, हेही सांगून टाकते.

म्हणजे आत येणाऱ्या मुली आहेत. नॅसकॉमच्या आकड्यांनुसार भारताच्या आयटी क्षेत्रात बायकांचं प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे. फ्रेशर्सच्या बॅचमध्ये तर बाकं अर्धी-अर्धी भरलेली दिसतात. पण तुमच्या ऑफिसात वरच्या मजल्यावरच्या मीटिंग रूमच्या काचेतून डोकावून बघा आणि मोजा. मी मोजलंय. मग घरी येऊन चहा जरा जास्तच कडक केला होता.

गळती मधेच होते. अमेरिकेत मॅकिन्झी आणि लीन इन दर वर्षी कंपन्यांची पाहणी करतात. २०२४ च्या पाहणीत निघालं, की साध्या पदावरून पहिल्यांदा मॅनेजर होताना शंभर पुरुषांमागे ८१ बायकांना बढती मिळते. म्हणजे शिडीची पहिलीच पायरी मोडकी. सीईओच्या खुर्चीची चर्चा आपण नंतर करू, आधी टीम लीडची बघू. आणि आपल्याकडे तर ही पायरी नेमकी लग्न, बाळंतपण, सासरचं शहर, कर्जाचा हप्ता यांच्या मधोमध येते.

आता हे “हलकं काम” प्रकरण. ते दुष्टपणाने होतं असं मला वाटत नाही. म्हणूनच ते पकडायला अवघड जातं. यावर एक फार मजेदार प्रयोग झालाय. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लीझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चार संशोधकांनी तो केला, २०१७ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. तीन अनोळखी माणसांचा गट, प्रत्येक जण आपापल्या कम्प्युटरसमोर. दोन मिनिटांत तिघांपैकी कोणीतरी एक बटण दाबायचं. कोणीच दाबलं नाही, तर प्रत्येकाला एक डॉलर. कोणी दाबलं, तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि बाकीच्या दोघांना दोन-दोन डॉलर. म्हणजे दाबलेलं बरं, पण दुसऱ्याने दाबलं तर आणखी बरं. अगदी मीटिंगमध्ये “मिनिट्स कोण लिहिणार?” विचारल्यावर पसरते तशी शांतता! फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. मिश्र गटांमध्ये बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा बटण दाबलं.

आता तुम्ही म्हणाल, बायका मुळातच मदतीला तत्पर. थांबा. त्यांनी फक्त पुरुषांचे गट केले, फक्त बायकांचे गट केले. आणि फरक गायब! सगळे पुरुषच असले की पुरुष निमूट बटण दाबतात. म्हणजे स्वभाव वगैरे काही नाही. खोलीत बाई आहे म्हटलं की सगळे, बाईसकट, गृहीत धरतात की ती दाबेल. पुढच्या प्रयोगात गटाबाहेरच्या एका माणसाने, समजा मॅनेजरने, “तू दाब” असं कोणाला तरी सांगायचं होतं. सांगणं जास्त वेळा बायकांच्याच वाट्याला आलं. आणि मॅनेजर पुरुष असो की बाई, त्याने फरक पडला नाही.

मॅनेजर बाई असली तरी. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. कारण मला एक प्रसंग आठवला, आणि तो आज सांगायचाच असं ठरवून मी माइक समोर घेतलाय.

काही वर्षांपूर्वी मी टीम लीड होते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. जर्मनीत क्लायंटकडे तीन आठवडे जाऊन सिस्टिम सुरू करून द्यायची होती. माझ्या टीममधल्या एकीला त्या सिस्टिमचा कानाकोपरा माहीत होता, कोड अर्धा तिनेच लिहिलेला. तिचा मुलगा दोन वर्षांचा. मॅनेजरने कॉलवर विचारलं, “कोणाला पाठवायचं?” मी एका सेकंदात दुसऱ्याचं नाव सांगितलं. वर म्हणाले, “तिचं बाळ लहान आहे हो, तिला कशाला त्रास.” आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला फार समजूतदार वाटलं स्वतःबद्दल. एक बाईच बाईला समजून घेते, वगैरे.

तिला ते ईमेलवरून कळलं. कॉफी मशिनपाशी मला गाठून ती शांतपणे म्हणाली, “तू विचारलं असतंस तर मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण नाही म्हणायचं ते मी म्हणायचं होतं ना?” मी काहीतरी सारवासारव केली. जो गेला तो कामाचा मुलगा होता, त्याने नीट काम केलं, क्लायंटच्या तोंडी त्याचं नाव बसलं, पुढच्या वर्षी तो लीड झाला. त्याचा काही दोष नाही. ती आठ महिन्यांनी सोडून गेली. माझ्यामुळे गेले असं ती कधी म्हणाली नाही. मी कधी विचारलंही नाही. ते विचारायला हवं होतं, हेही खरंच.

तर मला जे समजलंय ते असं. आपल्याकडे बायकांना “सपोर्ट” म्हणून काय देतात? मार्गदर्शन. सेमिनार. आठ मार्चला गुलाब आणि केक. मेंटॉर नेमून देतात, तो महिन्यातून एकदा सांगतो की मीटिंगमध्ये ठामपणे बोल. सल्ला वाईट नसतो. पण सल्ला देणारं माणूस वेगळं आणि शब्द टाकणारं माणूस वेगळं. आपल्या आजीच्या काळापासून मराठीत हा शब्दप्रयोग आहे: “जरा माझ्यासाठी शब्द टाका.” जिथे तुम्ही हजर नाही अशा खोलीत तुमची बढती, तुमचं प्रोजेक्ट, तुमचा परदेश दौरा ठरतो. तिथे बसलेल्यांपैकी एकाने तुमचं नाव घेतलं पाहिजे आणि त्यासाठी स्वतःची थोडी पत पणाला लावली पाहिजे. इंग्रजीत याला स्पॉन्सर म्हणतात, पण मला ‘शब्द टाकणारा’च बरोबर वाटतं. पुरुषांना हे लोक आपोआप मिळतात, चहाच्या टपरीवर, क्रिकेटच्या ग्रुपवर, रात्री उशिराच्या गाडीत एकत्र घरी जाताना. साडेसहाला पाळणाघर बंद होतं म्हणून धावत सुटणाऱ्या बाईला ती टपरी मिळत नाही.

त्या दिवशी त्या कॉलवर शब्द टाकायची जागा माझी होती, आणि मी उलटा शब्द टाकला.

आता थोडं कायद्याचं. झोपू नका, हे पगाराइतकंच कामाचं आहे. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. रजेवर असताना काढून टाकता येत नाही आणि नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. रजा संपल्यावर, काम तसं असेल तर, दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. हे सगळं नोकरीला लागतानाच लेखी सांगणं कंपनीवर बंधनकारक केलं. तुमच्यापैकी किती जणींनी ते पान वाचलंय? मी जॉइन झाले तेव्हा फक्त लॅपटॉपचा फॉर्म वाचला होता.

पण यात एक मेख आहे. आयटीतल्या बहुतेकींचे पगार कर्मचारी विमा योजनेच्या मर्यादेच्या वर असतात, त्यामुळे या २६ आठवड्यांचा पगार पूर्ण कंपनीच्या खिशातून जातो. बाबांच्या रजेचा मात्र खासगी क्षेत्रात तसा कायदाच नाही. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनीची मर्जी. मग मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात काय हिशोब चालतो? अठ्ठावीस वर्षांची विवाहित मुलगी म्हणजे खर्च, अठ्ठावीस वर्षांचा विवाहित मुलगा म्हणजे स्थिर माणूस! बाप झालेल्या प्रत्येकाने मिळते तेवढी रजा पूर्ण घेतली, आणि मॅनेजर बाप झाल्यावर त्यानेही घेतली, तर हा हिशोब थोडा तरी हलेल असं माझं मत आहे. ऐकणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. “मला गरज नाही, बायको आहे ना घरी” म्हणत पाचव्या दिवशी ऑफिसला येणारा तुमचा मित्र स्वतःच्या बायकोचं प्रमोशन लांबवत असतो, त्याला कळत नाही एवढंच.

रात्रपाळीबद्दलही थोडं. २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओत काम करणाऱ्या मुलीची, रात्री कामावर न्यायला आलेल्या कॅबच्या ड्रायव्हरकडून आणि त्याच्या साथीदाराकडून, हत्या झाली. २००९ मध्ये खराडीहून घरी निघालेल्या इंजिनिअर मुलीची. त्या दोघींची नावं मी घेणार नाही. आज कॅबमध्ये शेवटी उतरणारी मुलगी असेल तर सोबत गार्ड बसतो, हा नियम अशा घटनांनंतर रुजला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या कामासाठी बाईची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन असं लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली आणि बढतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, असंही आहे. पण “रात्रीचं प्रोडक्शन सपोर्ट आहे, मुली नकोत” हे वाक्य काळजीच्या सुरात अजून ऐकू येतं, आणि त्या सपोर्टवरूनच पुढे लीड निवडले जातात. दारापर्यंत गाडी देणं महाग पडतं म्हणून काळजी दाखवणं स्वस्त पडतं, असं माझं जरा तिरकस निरीक्षण.

तर चिंचवडच्या मैत्रिणीला मी काय सांगितलं?

आधी हे, की लगेच पेपर टाकू नकोस. तीन आठवडे एक वही कर. रोज जे काम केलं ते लिही, आणि पुढे एक खूण कर: हे काम अप्रेझलमध्ये कोणी मोजेल का? पार्टीचं हॉटेल, मिनिट्स, नवीन आलेल्याला सिस्टिम दाखवणं, हे सगळं लिही. कोणाला दाखवायला नाही, आधी स्वतःला दिसायला. मग मॅनेजरकडे जा आणि तक्रारीच्या सुरात न बोलता तारीख माग. “माझं मॉड्यूल, किंवा त्याच्या तोडीचं दुसरं, कोणत्या तारखेपासून माझ्याकडे येईल?” तो “बघू” म्हणेल. बहुतेक सगळे “बघू”च म्हणतात. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाक, की आज आपलं हे बोलणं झालं, मी अमुक तारखेपर्यंत वाट बघते. मिनिट्स लिहायची सवय लागलीच आहे, तर स्वतःचे लिही!

तिसरं, तुझं जुनं काम पाहिलेलं, दोन पायऱ्या वरचं, एक माणूस शोध. त्याच्याकडे सल्ला मागू नकोस. सांग, “अमुक टीममध्ये ऑटोमेशनची जागा निघतेय, माझं नाव सुचवाल का?” नेमकं काम मागितलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. सल्ला मागितला की तो सल्ला देतो आणि मोकळा होतो.

सोडायचंच ठरलं तर हातात दुसरी ऑफर घेऊन सोड. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडला आपण शिव्या देतो, पण शोधाशोध करायला तेवढा वेळ मिळतो. दोन वर्षांच्या खंडानंतर परत येणं अशक्य नाही. टाटा समूहाने तर २००८ मध्येच अशा परतणाऱ्या बायकांसाठी खास कार्यक्रम सुरू केला होता, आणि आता बऱ्याच कंपन्यांत तसे आहेत. पण परत येताना पगार आणि पद दोन्ही खाली घसरतात, हे मी जवळून पाहिलंय. घरी बसायची तुझी स्वतःची इच्छा असेल तर खुशाल बस, त्यात कमीपणा काही नाही. फक्त चिडून, थकून, “माझं काम दिसत नाही” म्हणून बसू नकोस.

आणि एक घरातलं. तिच्या घरी असा हिशोब मांडला होता: पाळणाघराची फी, येण्याजाण्याचा खर्च, स्वयंपाकाच्या मावशी, हे सगळं तिच्या पगारातून वजा केलं तर उरतं काय? मी तिला विचारलं, बाळ दोघांचं आहे ना? मग फी तुझ्या एकटीच्याच पगारातून का वजा होते? अर्धी नवऱ्याच्या पगारातून वजा करून बघ. ती हसली. म्हणाली, “हे मी आज जेवताना विचारते.”

पिंपरीचं एक सांगायचं राहिलं. ज्या कंपनीच्या जाहिरातीत १९७४ साली ती ओळ होती, तिच्या पुण्याच्या कारखान्यात आज हॅरियर आणि सफारी गाड्या जुळवणारी एक आख्खी लाईन मुली चालवतात. एक-दोन नाही, हजाराच्या वर. बऱ्याच जणी महाराष्ट्राच्या गावागावांतून बारावी किंवा आयटीआय करून आलेल्या. मला यातल्या कोणाशी तरी बोलायचंय. लाईनवर आल्याबद्दल पुष्कळ छापून आलंय. मला विचारायचंय की तुमच्यातली सुपरवायझर कोण झाली, कधी झाली, आणि तिच्यासाठी शब्द कोणी टाकला. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना विचारून मला कळवा.

रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री चिंचवडहून पुन्हा नोट आली. या वेळी अकरा सेकंदांची. “ताई, विचारलं. बघू म्हणाले. ईमेल टाकलाय, पंधरा तारीख लिहिलीये. आणि ते फीचं पण विचारलं, घरी जरा शांतता आहे.”

पंधरा तारखेनंतर काय झालं ते तिची हरकत नसेल तर सांगेनच. भेटू पुढच्या शुक्रवारी.